पाय प्लास्टरमध्ये, खेळणी खाटेखाली

३ ऑगस्ट २०२५, रविवार. दोन दिवस धो धो कोसळून पाऊस जरा थांबला होता. न्हाणीच्या मागे मांजरीची पिल्लं दिसली म्हणून बाय मागच्या दारच्या चिऱ्यांच्या पायऱ्या धावत उतरली आणि चौथ्या पायरीवरून घसरली. त्या पायरीवरचं शेवाळ खरवडून ब्लीचिंग पावडर टाकायची, हे आठवडाभर माझ्या डोक्यात होतं. डोक्यातच राहिलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचे दोन महिने ती पायरी माझ्या मनातून हलली नाही. खेळण्यांवर मी जो वेड्यासारखा पैसा घातला, त्याच्या मुळाशीही तीच.

बाय म्हणजे आमची मुलगी. आठ वर्षांची, तिसरीतली. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमचं घर, मागे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग. घरी आजी, मी, बायचे पप्पा आणि त्या दिवसापासून एक मोडलेला पाय.

शेजारच्या वहिनी निवृत्त नर्स. मी बायला उचलायला वाकले तर त्यांनी मला चक्क ढकललं. "हात लावू नको गो! आधी पाय बांधूया." आजोबांची लांब काळी छत्री पायाला लावून, फटींत उशीचे अभ्रे कोंबून त्यांनी दोन ओढण्यांनी पाय बांधला, गुडघा आणि घोटा दोन्ही हलणार नाहीत असा. मग १०८ला फोन. इस्पितळात पोचेपर्यंत छत्री तशीच होती. एक्स-रे काढणाऱ्यांनी तिच्याकडे पाहून विचारलं, "बाय, पाऊस आत पण पडतो काय?" त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

केसपेपर काढताना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचं, कार्ड विचारलं. आमच्या कार्डाची मुदत संपून दोन महिने झालेले, नूतनीकरण राहून गेलेलं. चूक आमचीच. उपचार अडले नाहीत, पण बायच्या पप्पांची दुसऱ्या दिवसाची सगळी सकाळ कागदांत गेली. तुमच्या कार्डावरची तारीख आज बघून ठेवा.

नडगीचं हाड मधोमध तिरकं मोडलं होतं, पण फारसं सरकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, प्लास्टर पुरे. पण पूर्ण प्लास्टर लगेच नाही. सूज वाढत असताना पाय चारी बाजूंनी आवळला तर रक्त अडतं, म्हणून आधी फक्त मागच्या बाजूने स्लॅब आणि वरून बँडेज. रात्रभर तिथेच राहिलो. दर तासाला कोणीतरी येऊन तिच्या पायाची बोटं दाबून बघायचं, "हलव बघू" म्हणायचं. घरी सोडताना हेच आम्हाला शिकवलं: बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, किंवा औषध देऊनही दुखणं वाढत गेलं तर सकाळची वाट बघायची नाही. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. हे मी कागदावर लिहून खाटेच्या वर चिकटवलं, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण पायाखालची उशी "जरा नीट" करायचा.

८ ऑगस्टला, शुक्रवारी, मांडीपासून बोटांपर्यंत पूर्ण प्लास्टर घातलं. गुडघा मुद्दाम वाकवलेला, म्हणजे पाय टेकवायचा मोह नको. आम्ही फायबरचं घेतलं. सामान बाहेरून आणायचे २,८०० रुपये झाले. फायबर हलकं असतं आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत ढिलं पडत नाही, पण ते पाण्यात चालतं हा गैरसमज आहे. वरचं कवच भिजून काही होत नाही, आतला कापूस भिजला की आठवडाभर ओलाच. त्यामुळे सहा आठवडे अंघोळ म्हणजे ओल्या पंचाने अंग पुसणं. आजीने तीन जुने फ्रॉक एका बाजूने उसवून त्यांना नाड्या लावल्या. त्या नाड्या नसत्या तर कपडे बदलणं रोजची लढाई झाली असती. व्हीलचेअर एका देवस्थानाच्या ओळखीतून मिळाली, २,००० अनामत आणि महिन्याचे ५००.

मग भेटी सुरू झाल्या.

दुबईच्या काकांनी रिमोटची गाडी पाठवली. सुंदर होती. पहिल्याच फेरीत ती खाटेखाली गेली आणि आजीच्या ट्रंकेमागे जाऊन गुरगुरत बसली. मामाने पाचशे तुकड्यांचं जोडचित्र आणलं. ते जोडायला सपाट जागा लागते आणि पोटावर पडता यावं लागतं. बायला दोन्ही नव्हतं. कोणी स्लाइम दिलं, ते चादरीला चिकटलं. शाडूच्या मातीचे कण अंथरुणभर झाले. चॉकलेटचे पाच डबे आले आणि त्याबरोबर ज्याबद्दल कोणी बोलत नाही ती गोष्टही: झोपून राहिलेल्या मुलाचं पोट आधीच साफ होत नाही. आम्ही डबे कपाटात टाकले, पपई आणि कोमट पाणी चालू केलं. एका दूरच्या नातलगाने स्केट्स आणल्या. "बरी झाल्यावर," तो म्हणाला. बायने त्या पायथ्याशी ठेवायला लावल्या आणि दोन दिवस त्यांच्याकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी मी त्या उचलल्या.

एका दुपारी मी मोजलं: जेवणापासून चहापर्यंत सव्वीस वेळा "आई!" बहुतेक वेळा काहीतरी खाली पडलेलं. स्केचपेन, फासा, पत्ता, टोपण. मी वैतागले, आवाज चढला. त्यानंतर हाका कमी झाल्या, आणि मला वाटलं, चला, रमली एकदाची.

१२ तारखेला मी कपडे वाळत घालून आत आले तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. शेजारी अर्धं रंगवलेलं चित्र. मी विचारलं, "का गो, पुरं नाही केलं?"

"लाल पडला खाली."

"मग हाक मारायची ना."

"परत कोण हाक मारणार," ती म्हणाली. भिंतीलाच म्हणाली.

तोपर्यंत मी बाजारात जाताना "तिला काय आवडेल" असा विचार करत होते. त्या दिवसापासून एकच प्रश्न धरला: ही वस्तू हातातून सुटली तर तिची तिला परत मिळेल का?

बायच्या पप्पांनी त्याच रात्री बांबूची एक आकडी केली. जास्वंदी काढायला असते तशीच, पण हलकी. एका टोकाला तारेचा आकडा, त्याखाली जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक घट्ट बांधलेला. खर्च शून्य. सकाळी बायने आकडीने पहिल्यांदा खाटेखालून पट्टी ओढून काढली, मग आजीची चप्पल, मग काही कारण नसताना पडदा. पुढचे तीन दिवस ती घरातली प्रत्येक वस्तू स्वतः ओढत होती आणि आम्ही कोणी मध्ये पडलो नाही. सहा आठवड्यांत मिळालेल्या सगळ्या भेटींत पहिला नंबर मी आकडीला देईन.

बाकी युक्त्या मग तिनेच काढल्या. प्रत्येक स्केचपेनला दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक खाटेच्या गजाला. फुग्यालाही दोरा: दहा रुपयांच्या पाकिटातला फुगा, फटकावला की हळू जातो, लागला तरी दुखत नाही आणि दोऱ्याने परत येतो. भेटायला आलेली मोठी माणसं पायाची चौकशी करून गप्प बसायची, त्यांच्या हातात ती फुगा द्यायची. माझे सासरकडचे एक अतिशय गंभीर आतोबा अर्धा तास फुगा खेळले.

आणि परात. पीठ मळायची मोठी परात मांडीवर घेतली की तिच्या काठाच्या आत सगळं राहतं: मणी, सोंगट्या, फासे. चुंबकाचं बुद्धिबळ आणलं होतं, त्याच्या सोंगट्या परातीत उभ्या करायला गेलो तर चिकटेचनात. स्वयंपाकघरातल्या बऱ्याचशा चांगल्या स्टीलला लोहचुंबक धरतच नाही, हे मला या वयात कळलं. शेवटी फरसाणाच्या जुन्या डब्याचं पत्र्याचं झाकण कामाला आलं.

आजीने देवघरातली जुनी घंटा दिली, ओरडायला नको म्हणून. ही भेट मी कोणाला सुचवणार नाही. चौथ्या दिवशी ती घंटा देवाकडे परत गेली.

१४ ऑगस्टच्या तपासणीत हाड जागेवर होतं. इस्पितळात सकाळी साडेआठला गेलो, एक वाजता बाहेर पडलो. अशा थांबण्यासाठी पत्त्यांचा जोड सगळ्यात बरा. बदाम-सातला जागा लागते, भिकार-सावकार व्हीलचेअरच्या हातावरही होतो. त्याच दिवशी मी डॉक्टरांकडून शाळेसाठी दाखला घेतला. दाखल्यावर निदान आणि "सहा आठवडे" असे शब्द स्पष्ट लिहून घ्या. आमच्या पहिल्या दाखल्यावर नुसतं "विश्रांती आवश्यक" होतं. भागशिक्षणाधिकारी तपासणीला आले तर दाखवायला पुरेसं नाही म्हणून बाईंनी तो परत पाठवला. बरोबरच होतं त्यांचं. एक्स-रेच्या फिल्मचा खिडकीच्या उजेडात मोबाइलवर फोटोही काढून ठेवा, फिल्म एकमेकींना चिकटतात.

याच बाईंनी एक गोष्ट केली. वर्गातल्या मुलांना "लवकर बरी हो" असली कार्डं करायला लावली नाहीत. रोज एका मुलाने बायला एक प्रश्न लिहून पाठवायचा आणि तिने उत्तर द्यायचं. "प्लास्टरमध्ये घाम येतो का?" "शू कशी करतेस?" "तुझ्या खिडकीतून काय दिसतं?" वाड्यावरचा एक मुलगा संध्याकाळी चिठ्ठी आणायचा, सकाळी उत्तर न्यायचा. शू-वाल्या प्रश्नाला तिने पानभर उत्तर लिहिलं, चित्रासकट. मला दाखवलं नाही.

मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरळ लिहिलं: खाऊ नको, चाकाचं काही नको, तुकड्यांचं नको, काही द्यायचंच असेल तर मला विचारा. थोडं उद्धट वाटलं, पण लोकांना बरंच वाटलं असावं, कारण लगेच तीन फोन आले.

मामा पणजीला नोकरीला. त्याने पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून, १८३२ साली सुरू झालेलं ते, मुलांची पुस्तकं आणायला सुरुवात केली. शुक्रवारी कदंबा बसने घेऊन यायचा, सोमवारी परत न्यायचा. परत करायची तारीख असल्यामुळे बाय ती वाचायचीच. विकत आणलेली तशीच पडलेली असायची. पाठीवर झोपून जाड पुस्तक धरलं की हात भरून येतात, हे तिने सांगेपर्यंत मला सुचलं नव्हतं. पातळ आणा. 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने मोफत वाचायला ठेवले आहेत, ते आम्ही मोबाइलवर वाचले. मोबाइलबद्दल खोटं बोलत नाही: पहिल्या आठवड्यात तो दिवसभर तिच्या हातात होता, नंतर दीड तासावर आणला.

मावशीने दुर्बीण दिली. आठपट जवळ दाखवणारी, छोटी, ९५० रुपयांची. खाट खिडकीशी सरकवली आणि बायने पक्ष्यांची वही केली. पोफळींवर भृंगराज, जास्वंदीवर शिंजीर, कुंपणाच्या तळाशी मोठ्या ऐटीत चालणारा भारद्वाज. धनेश दिसायच्या आधी ऐकू यायचा, कोणी खदखदून हसल्यासारखा. गोव्याचा राज्यपक्षी म्हणजे काळ्या डोक्याचा, शेंदरी गळ्याचा पिवळसर बुलबुल. तो मात्र शेवटपर्यंत आला नाही. आजी रोज सकाळी विचारायची, "आला गो तुझा मंत्री?" आणि बाय दुर्बीण लावून बसायची. आजोबांचा ट्रान्झिस्टरही माळ्यावरून निघाला. दुपारी डोळे दमले की आकाशवाणी पणजी. डोळे मिटून करता येईल असं काहीतरी हवंच. दिवस फार लांब असतो.

२२ ऑगस्टला मात्र आमची घाबरगुंडी उडाली. दुसऱ्या मावशीने क्रोशाची सुई आणि लोकर दिली होती. मला भेट फार आवडली होती, दोरा तर आधीच लागलेला. रात्री कपडे बदलताना सुई सापडेना. बाय गप्प. मग रडत कबूल केलं: खाज सुटली म्हणून प्लास्टरच्या आत घातली, आणि सुटली. टॉर्च लावला तर मांडीशी जेमतेम टोक दिसत होतं. ओढू नका, असं वहिनींनी फोनवर बजावलं. ती रात्र बसून काढली, सकाळी इस्पितळात चिमट्याने सुई निघाली. आतल्या कातडीला ओरखडा आणि जंतुसंसर्ग झाला तर बाहेरून कळतसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बायलाच समजावलं. खाजेवर उपाय म्हणजे ड्रायरची थंड हवा (गरम नव्हे) किंवा प्लास्टरवर बाहेरून टकटक. सुई गेली, लोकर राहिली: बोटांवर विणता येतं, सुई लागत नाही. आजीने शिकवलं. आमच्याकडे आता साडेतीन मीटर लांबीचा एक जांभळा गोफ आहे, ज्याचा काही उपयोग नाही.

२७ ऑगस्टला चतुर्थी होती. मला तिचीच धास्ती होती. सगळं घर धावणार आणि ही खाटेवर. आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या सजावटीचं, सामान आलं आणि आजीने कोणाला न विचारता सगळं बायच्या खाटेवर ओतलं. कांगले, घागरे, आंबाडे, कवंडळं, हरणांचे घोस. "निवड. एकसारखे जुडगे बांध," म्हणाली आणि केवणीच्या सालीचे दोर ठेवून चुलीकडे गेली. बायने दोन तास मान वर केली नाही. बांधलेलं मागायला पप्पा दोनदा येऊन गेले तर "थांबा, अजून झालं नाही" म्हणून तिने त्यांना परत पाठवलं. आता तिच्यावाचून घरातलं कोणाचं तरी अडलं होतं. तिचा तो रुबाब मी दारातून बघत राहिले.

नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, मुरडही परातीत तिनेच घातली. तिथे मात्र मी चुकले. चून, म्हणजे आतलं गोड सारण, प्लास्टरच्या कडेला सांडलं आणि रात्री मुंग्या आल्या. प्लास्टरच्या आत मुंग्या ही काय चीज असते ते तिनेच सांगावं. खाणं चालू असताना प्लास्टरच्या वरच्या तोंडाला मऊ फडकं गुंडाळा, आणि खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

आरतीला काकांनी तिला लहान घुमट दिलं. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता बकऱ्याचं. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, तेव्हापासून आमच्या वाड्यावर मुलीही वाजवतात. बसून वाजवायचं वाद्य, पायाचं काम नाही. ताल चुकला की शामेळ (घुमटाच्या जोडीचं तालवाद्य) वाजवणारे काका डोळे वटारायचे, प्लास्टर आहे म्हणून सूट नाही. दीड दिवसाचा गणपती गेला, पण घुमट तिने महिनाभर परत दिलं नाही.

१९ सप्टेंबरला प्लास्टर निघालं. कापायच्या यंत्राच्या आवाजाने ती किंचाळली. डॉक्टरांनी ते चालू असतानाच स्वतःच्या तळव्याला टेकवून दाखवलं: पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं. आतला पाय बारीक, कोंडा धरलेला, केस वाढलेले. "हा माझा नव्हे," बाय म्हणाली. त्या रात्री ती नीट जेवली नाही. प्लास्टर निघालं की धावेल, असं तिला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. पण गुडघा सरळ होईना. पुढे चार आठवडे वॉकर आणि सरकारी इस्पितळातच आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी. व्यायाम म्हटला की रडारड. मग फिजिओथेरपीच्या ताईंनी विचारलं, घरी फुगा आहे का? खुर्चीवर बसून दोऱ्याचा फुगा पायाने उडवायचा. रोज शंभर. सोळाव्या दिवशी गुडघा सरळ झाला. शाळेत परत जाताना 'आता शाळेत बसू शकते' असा वेगळा दाखला लागतो, तोही त्याच फेरीत मागून घ्या.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, १८ ऑक्टोबरला, आम्ही तिची खोली झाडायला काढली. वाड्यावरची मुलं नरकासुराच्या पुतळ्याला कागद चिकटवत होती आणि बायला तिकडे पळायचं होतं. मी खाट ओढायला हात लावला तर म्हणाली, "थांब, मी जाते." पोटावर पडून, दोन्ही पाय मागे सरळ टाकून, ती सरपटत आत गेली. एकेक वस्तू बाहेर यायला लागली: जोडचित्राचे चार तुकडे, रिमोटच्या गाडीचं चाक, दोन फासे, बुद्धिबळातला घोडा, एक सुकलेला आंबाडा.

"आणि हे बघ," आतून आवाज आला. लाल स्केचपेन होतं. टोपण नव्हतं, शाई केव्हाच वाळलेली. ते खिशात घालून ती नरकासुराकडे गेली.